न दिसणारे ओझे



माउली, नवखा वारकरी पहिल्या वर्षी पडशी कशी भरतो हे आपण सर्वांनी पाहिले आहे. दोन जादा धोतरे, चादरीवर चादर, लाडवांचा डबा, औषधांची पिशवी, शिवाय शेजाऱ्याने आग्रहाने दिलेली छत्री. दिवे घाट चढेपर्यंत त्याला सगळे कळून चुकते. दुसऱ्या वर्षी त्याची पडशी निम्मी होते. त्यासाठी कोणाला उपदेश करावा लागत नाही, त्याचा खांदाच त्याचा गुरू होतो.

पण ज्या ओझ्याचा भार आपल्या खांद्यावर येतच नाही, त्याचे काय करायचे? ते नाहीसे झालेले नसते. ते दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर गेलेले असते, आणि तो खांदा आपल्याला दिसत नाही. अशा ओझ्याला जबाबदार कोण, असा प्रश्न आज आपल्यापुढे ठेवायचा आहे. तो मी एका अनपेक्षित जागेवरून विचारणार आहे. ती जागा म्हणजे दिंडीची वेबसाइट.

हसू नका. पूर्वी मुक्कामाच्या गावांची यादी पोस्टकार्डावर यायची. आज कितीतरी दिंड्या, फड, संस्थाने, कीर्तनकार यांच्या वेबसाइट आहेत. प्रस्थान कधी, नीरास्नान कोणत्या दिवशी, चांदोबाच्या लिंबाचे उभे रिंगण किती वाजता, भंडीशेगावला तंबू कुठे, हे सारे मोबाइलवर पाहायला मिळते. चांगलेच आहे. परदेशी गेलेली आपली मुले तिथून पालखीसोबत मनाने चालतात, तेही याच वाटेने. वेबसाइट असावी की नसावी हा वाद मी घालत नाही. ती किती जड असावी, एवढेच विचारतो.

आपली भाषाच इथे आपल्याला फसवते. आपण म्हणतो, माहिती 'क्लाउड'वर आहे. क्लाउड म्हणजे ढग. ढगाला कसले वजन? प्रत्यक्षात ती माहिती एका इमारतीतल्या संगणकात असते. अशा इमारतींना डेटा सेंटर म्हणतात. देशातली सर्वांत जास्त डेटा सेंटरे मुंबई आणि नवी मुंबईच्या परिसरात उभी आहेत. तिथली यंत्रे रात्रंदिवस चालतात, तापतात, आणि त्यांना थंड ठेवायला पुन्हा वीज लागते. ही वीज कुठून येते? आपल्या देशात अजूनही बरीचशी वीज कोळशावर होते. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट आहे. त्या परिसरातल्या माणसांना राख, धूळ आणि खाणी यांची ओळख करून द्यावी लागत नाही. कोळशाच्या विजेला पाणीही लागते. 2015 च्या दुष्काळात परळीचे वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. परळी वैजनाथाचे गाव आपल्याला काही परके नाही. म्हणजे पडद्यावर बोट फिरवले की त्याचा एक धागा कुठेतरी खाणीपर्यंत आणि धरणापर्यंत जातो. ढगापर्यंत तो जात नाही.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे 2024 मध्ये जगभरच्या डेटा सेंटरांनी सुमारे 415 अब्ज युनिट वीज वापरली. जगातल्या एकूण विजेच्या ती साधारण दीड टक्का भरते. ऐकायला थोडी वाटते, पण यात आपल्या हातातले मोबाइल, मनोरे, घरातली यंत्रे धरलेली नाहीत. शिवाय हा आकडा झपाट्याने वाढतो आहे.

आता एक गमतीचा हिशेब करू. आज जगातले मध्यम वजनाचे वेबपान घेतले, तर ते संगणकावर सुमारे अडीच एमबीच्या वर भरते. मोबाइलवर त्याहून थोडे कमी. ज्ञानेश्वरीत सुमारे नऊ हजार ओव्या आहेत. देवनागरीतले एक अक्षरचिन्ह साठवायला संगणकाला तीन बाइट लागतात. एका ओवीला दोनशे बाइटच्या आसपास धरले, तर सगळी ज्ञानेश्वरी दोन एमबीच्या आत बसते. ती दाबून पाठवली तर त्याहून कितीतरी कमी जागेत मावते. म्हणजे माउलींनी अठरा अध्यायांत जे सांगितले, त्याहून जड ओझे घेऊन आजचे एक सामान्य पान आपल्या मोबाइलवर उतरते. बरे, त्यात असते काय? वर एकामागून एक सरकणारी पाच मोठी छायाचित्रे, आपण होऊन सुरू होणारी चित्रफीत, आपण कुठून आलो आणि काय पाहिले याची नोंद ठेवणाऱ्या चोरट्या आज्ञावल्या, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात आपल्याला हवी असलेली मुक्कामाची तारीख.

इथे कोणी म्हणेल, "अहो, एका दिंडीच्या वेबसाइटने काय होणार? ती हलकी केली म्हणून चंद्रपूरची चिमणी थांबणार आहे का?"

हा आक्षेप टाळून पुढे जाण्यासारखा नाही. तो बव्हंशी खरा आहे. लहान दिंडीची साइट वर्षभर चालवायला लागणारी वीज फार नसते. त्यातही माहितीची वाहतूक निम्मी झाली म्हणून वीजही निम्मी होते, असा सरळ हिशेब नसतो. जाळ्यातली यंत्रे रिकामी असली तरी चालू असतात, जशी रात्रीची एसटी चार प्रवासी असले तरी तेवढेच डिझेल पिते. अमुक मिनिटे चित्रफीत पाहिली म्हणजे अमुक किलो धूर झाला, असे छातीठोक आकडे कोणी सांगू लागला तर त्याच्यापासून चार हात दूर राहावे. खोट्या आकड्यांवर उभे केलेले सत्कर्म फार काळ टिकत नाही.

पण ही गोष्ट मान्य करूनही प्रश्न मिटत नाही, असे मला वाटते. "माझ्या एकट्याने काय होणार" हे वाक्य वारकऱ्याच्या तोंडी कसे शोभेल, याचा विचार करा. नारायणमहाराजांनी देहूहून पालखी काढली, पुढे हैबतबाबांनी आळंदीहून सोहळ्याला शिस्तीचे रूप दिले. आज लाखो लोक त्या वाटेने जातात. त्या लाखांतला एक टाळकरी घरी राहिला तर सोहळ्यात कोणाला कळणारही नाही. आवाज तेवढाच राहील. तरीही तो टाळकरी असा हिशेब मांडून घरी बसत नाही. आपल्या वाट्याचे पाऊल मोजण्याइतके मोठे आहे का, हे तो विचारत नाही. ते आपल्या वाट्याचे आहे का, एवढेच विचारतो. चांगल्या कामात आपण हा न्याय लावतो. मग नुकसानीत मात्र "एवढ्याने काय होणार" हा न्याय कसा लावायचा? दोन्हीकडे एकच तराजू हवा.

दुसरे असे की पापाचे माप फक्त त्याच्या आकाराने होत नाही. कशासाठी केले हेही विचारावे लागते. गरजेसाठी घेतलेले आणि केवळ कोणी विचारणारा नाही म्हणून घेतलेले, यांत फरक आहे. पंगतीत पोट भरून जेवणारा माणूस दोषी नाही. पत्रावळीवर वाढून घेऊन टाकणारा दोषी आहे, मग त्याने टाकलेला घास अगदी लहान का असेना. पाच सरकत्या छायाचित्रांतली चार कोणी पाहतही नाही. ती टाकलेल्या अन्नासारखीच आहेत.

आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. हे ओझे फक्त दूरच्या खाणीवर पडत नाही. ते आपल्याच माणसावर पडते. आषाढीच्या दिवसांत तरडगाव, नातेपुते, वेळापूर अशा मुक्कामांवर लाखो मोबाइल एकाच वेळी एका मनोऱ्याला लोंबकळत असतात. आपली एखादी मावशी जुन्या, तडा गेलेल्या मोबाइलवर दिंडीचा तंबू शोधते आहे. बॅटरी शेवटच्या घटका मोजते आहे, पॅक संपत आला आहे, आणि आपली साइट तिला आधी कमानीवरून ड्रोनने काढलेली चित्रफीत दाखवायचा हट्ट धरते. इथे "एवढ्याने काय होणार" चालत नाही. मावशी पावसात उभी राहते, हे होणार. जड साइट जुन्या मोबाइलवर चालत नाही, म्हणून नवा घ्यावा लागतो. मोबाइलने आयुष्यभरात जेवढे प्रदूषण केलेले असते, त्यातला मोठा भाग तो घडवतानाच होऊन गेलेला असतो. 2022 या एका वर्षात जगात 6 कोटी 20 लाख टन विद्युत कचरा झाला, आणि त्यातल्या चौथ्या हिश्शापेक्षाही कमी कचऱ्याची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. जुना मोबाइल दोन वर्षे जास्त चालू देणारी साइट ही माझ्या मते डेटा सेंटरातली वीज वाचवणाऱ्या साइटइतकीच, कदाचित अधिकच, पर्यावरणाची सेवा करते.

या बाबतीत एक उदाहरण आपल्या देशाबाहेरचे आहे, पण ऐकण्यासारखे आहे. क्रिस डी डेकर नावाचे बेल्जियमचे लेखक 'लो-टेक मॅगझिन' चालवतात. 2018 मध्ये त्यांनी आपल्या लेखांची एक साइट बार्सिलोनातल्या घराच्या गच्चीवरच्या सौर पट्टीवर चालवायला घेतली. पट्टी 50 वॅटची, संगणक तळहाताएवढा, सोबत एक बॅटरी. प्रत्येक वाचकासाठी पान नव्याने घडवायचे नाही, ते आधीच तयार करून ठेवायचे. छायाचित्रे जुन्या वर्तमानपत्रातल्यासारखी ठिपक्यांची, म्हणून अतिशय हलकी. अक्षरे वाचकाच्या यंत्रात असतील तीच वापरायची, चिन्हबोधचिन्हाचा थाट नाही. बॅटरी किती भरली आहे हे पानाच्या पार्श्वभूमीवरच दिसते. आणि सलग ढगाळ दिवस आले, बॅटरी संपली, की साइट बंद पडते. ते ही गोष्ट लपवत नाहीत, उलट पुढच्या दिवसांचे हवामानच तिथे दाखवतात. डिसेंबर 2018 ते नोव्हेंबर 2019 या काळात ती साइट सुमारे 400 तास बंद होती. म्हणजे 95 टक्के वेळ ती चालू होती.

त्यांनी हिशेब मांडून दाखवलेली पुढची गोष्ट मला फार आवडते. उरलेले पाच टक्केही भरून काढायचे ठरवले, साइट क्षणभरही बंद पडता कामा नये असे म्हटले, तर बॅटरी आणि पट्टी बरीच मोठी घ्यावी लागते. आणि बॅटरी घडवायलाही खनिजे नि ऊर्जा लागतेच. शेवटचा थोडासा अट्टहासच सर्वांत महाग पडतो. आपल्याला हे नवीन नाही. महिन्यातून दोन एकादश्या अन्न न घेणारी माणसे आपण. 'नेहमी, हवे तेव्हा, हवे तेवढे' हा हक्क नव्हे, हे आपल्या पोटाला ठाऊक आहे. मग रात्री दोन वाजता एखाद्या संस्थानाची साइट उघडली नाही, तर आपला जीव का कासावीस व्हावा? मंदिरातला देवसुद्धा शेजारतीनंतर निजतो. आपण दाराशी उभे राहून त्याला हाका मारत नाही.

अर्थात बार्सिलोनाची नक्कल इथे जशीच्या तशी करावी असे मी म्हणत नाही. पालखीच्या दिवसांत पावसाळी ढग असतात आणि नेमकी तेव्हाच साइटची गरज असते! सौर पट्टीवरची साइट आषाढ वद्य नवमीला चालेल आणि आषाढ शुद्ध नवमीला झोपेल, ते काही उपयोगाचे नाही. त्या उदाहरणातून घ्यायची ती वृत्ती. यंत्र कुठेही असो, त्यावर टाकलेले काम कमी असावे.

आता खरी अडचण सांगतो. हलके करण्याचा नियम सरसकट लावायला गेलो की एका ठिकाणी हात थांबतो. ते ठिकाण म्हणजे थेट दर्शन.

पंढरपूरच्या मंदिर समितीने विठ्ठल-रखुमाईचे थेट दर्शन ऑनलाइन उपलब्ध केले आहे. चित्रफीत हा सर्वांत जड माल. हिशेबाच्या काटेकोर माणसाने पहिली कात्री तिलाच लावली असती. पण 2020 आणि 2021 ही दोन वर्षे आठवा. पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरीला गेल्या. जन्मात वारी न चुकलेली माणसे घरात बसून मोबाइलवर ते सावळे रूप पाहत रडली. आजही अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली, डायलिसिसवर असलेली, पाय गेलेली कितीतरी मंडळी त्याच एका चौकटीतून सभामंडपात जातात. त्यांच्या वाट्याचे ते दर्शन मी विजेच्या तराजूत टाकणार नाही. ओझे वाहण्यासारखे असते तेव्हा ते आनंदाने वाहावे. विठोबासाठी वाहिलेल्या ओझ्याला आपल्याकडे ओझे म्हणायची पद्धत नाही.

पण याच कारणाने कीर्तनाची गोष्ट वेगळी होते. कीर्तन ऐकायचे असते. श्रवण ही भक्तीची पहिली पायरी, हे नवविधा भक्तीच्या क्रमातच सांगितले आहे. तासाभराचे कीर्तन साध्या ध्वनिमुद्रणात, बोलणे स्वच्छ ऐकू येईल इतक्या दर्जाने ठेवले, तर ते सुमारे 30 एमबीत बसते. तेच चांगल्या चित्रासकट ठेवले तर सहज 900 एमबी होते. तीसपट! आणि ऐकणारा माणूस अनेकदा मोबाइल उशाशी ठेवून डोळे मिटून ऐकत असतो. चित्र कोणी पाहतच नाही, पडदा मात्र जळत राहतो. इथे ध्वनी आधी द्यावा, चित्र ज्याला हवे त्याने मागून घ्यावे. त्यात बुवांचा अपमान नाही. काही बुवांना तो वाटेल, हे कबूल.

मग चांगली साइट कशी असावी? कारागिरीच्या गोष्टी तुमच्या दिंडीतल्या पोरांना माझ्यापेक्षा चांगल्या कळतात. त्यांना एवढेच सांगा. मुक्कामाची यादी ही मजकूर म्हणून लिहा, पोस्टरचे छायाचित्र म्हणून टाकू नका. मजकूर दोन-चार केबीत होतो, मोठा करून वाचता येतो, आणि ज्याला दिसत नाही त्याला मोबाइल तो वाचूनही दाखवतो. छायाचित्र टाकायचे तर मोबाइलच्या पडद्याएवढे करून टाका, कॅमेऱ्यातून आले तसे नको. देवनागरीचा सुंदर टंक वेगळा उतरवून घ्यायला लावू नका. तो कधी शंभर-दोनशे केबीचा असतो, आणि वाचकाच्या मोबाइलमध्ये देवनागरी आधीच आहे. कोण आले, कुठून आले हे मोजणारी यंत्रणा काढून टाका. वारीत कोणी कोणाची हजेरी घेत नाही. पाने आधीच तयार करून ठेवा, म्हणजे दशमीला एकदम गर्दी उसळली तरी साइट कोसळणार नाही. आणि ती ज्यांच्या यंत्रावर ठेवता, त्यांना वीज कुठून घेता हे एकदा विचारा. विचारणारे वाढले की उत्तरेही सुधारतात.

याहून अवघड काम पुढे असते, ते म्हणजे काढून टाकणे. साइट एकदा झाली की दरवर्षी तिच्यात भर पडत जाते. अकरा वर्षांपूर्वीच्या सत्काराची शंभर छायाचित्रे, बंद पडलेल्या उपक्रमाचे पान, कोणा देणगीदाराच्या आग्रहाने लावलेली फिरती पाटी. काढायला कोणी धजत नाही, कारण प्रत्येक गोष्टीमागे कोणाचा तरी मान असतो. इथे मला नाथमहाराज आठवतात. ज्ञानेश्वरीच्या पोथ्या हातोहात उतरवल्या जाता जाता त्यांत पाठभेद आणि भर साचत गेली होती. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, नाथांनी बसून ती शुद्ध केली. भर घालणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. कोणाला वाटले असेल, आपलीही एक ओवी माउलींच्या चरणी. नाथांनी त्यांची निंदा केली नाही, मूळ तेवढे राखले. आपल्या दिंडीच्या साइटला दरवर्षी कार्तिकीनंतर असा एक दिवस द्यावा. दोन जाणती माणसे आणि एक संगणकावरचा पोरगा बसवावा, आणि प्रत्येक पानाला विचारावे, तू कोणाच्या उपयोगाचे आहेस? जुनी छायाचित्रे टाकवत नसतील तर घरच्या एका पेटीत जपून ठेवावीत. स्मरण ठेवायला ती रोज जगापुढे टांगायलाच हवीत असे नाही.

एक धोका मात्र दिसतो आहे, तो बोलून ठेवतो. हलकी साइट केली की तिच्यावर लगेच हिरव्या पानाचे चिन्ह लावायची हौस येते: 'आमची पर्यावरणपूरक वेबसाइट'. मग त्याचे उद्घाटन, त्याला पाहुणे, पाहुण्यांसाठी गाड्यांचा ताफा, प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि फ्लेक्स. एका फ्लेक्सच्या कापडात साइटने वर्षभर वाचवलेले सारे बुडून जाईल. साइट हलकी करून ट्रकमध्ये थर्माकोलच्या ताटांची थप्पी लावली, तर चंद्रभागा आपल्याला काय म्हणेल ते सांगायला नको. ही लहान गोष्ट मोठ्या गोष्टींच्या बदल्यात करायची नाही. पत्रावळ, पाण्याचा टँकर, निर्मळ मुक्काम, वाटेवरची झाडे, ही कामे आपापल्या जागी आहेतच, आणि ती साइटपेक्षा मोठी आहेत. साइटचे काम त्यांच्या रांगेत शेवटी उभे आहे. फक्त ते रांगेतच नाही, असे म्हणू नका.

तेव्हा माउली, येत्या बैठकीत भिशी, तंबू आणि ट्रकचे भाडे यांचे विषय संपले, की पाच मिनिटे यालाही द्या. दिंडीतला सर्वांत जुना मोबाइल कोणाकडे आहे ते विचारा. बहुधा तो एखाद्या तुळस घेऊन चालणाऱ्या आजीच्या बटव्यात सापडेल. त्यावर आपली साइट उघडा, आणि तंबूचा पत्ता दिसायला किती वेळ लागतो ते सगळ्यांनी मिळून घड्याळात पाहा.